भोवरा ओसरल्यावर

या अंकासाठी संपादकांनी ‘रोज’ हा विषय दिला, तेव्हा त्यात छायाचित्रण येईल असं त्यांच्या मनात बहुधा नसावं. पण हौशी निसर्ग-छायाचित्रकारांमध्ये दोन गोष्टी हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकत आल्या आहेत. एक, वर्षभर रोज निसर्गाचा एक फोटो काढायचा, असा स्वतःशीच धरलेला नेम. दुसरी, मुद्दाम सदोष ठेवलेल्या लेन्स : कडा विरघळवणाऱ्या, पार्श्वभूमी गरगर फिरवणाऱ्या, दवाच्या थेंबांचे साबणाचे फुगे करणाऱ्या. दोन्हींवर जाणकारांचा राग आहे. रोजच्या नेमातून ढिगानं सामान्य फोटो निघतात, आणि अशा लेन्स म्हणजे निव्वळ चाळा, असं ते म्हणतात. दोन्ही आरोप बऱ्याच अंशी खरे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की हे दोन दोष एकत्र आले की एकमेकांवर औषध ठरतात. लेन्सची गंमत रोजच्या वापरात लवकर विटते, आणि ती विटल्यानंतर जे काम सुरू होतं ते पाहण्याजोगं असतं.

शार्प म्हणजे चांगला

आपल्याकडच्या निसर्ग-छायाचित्रणाचा पाया नोंदीचा आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या परंपरेत फोटो हा पुरावा मानला गेला : पक्षी कोणता, पिसारा कसा, चोचीचा रंग काय. हौशी मंडळींची आजची भाषाही त्याच वळणाची आहे. पहिल्यांदा दिसलेला पक्षी ‘लायफर’, जेमतेम ओळखू येईल असा फोटो ‘रेकॉर्ड शॉट’, आणि पिसाची प्रत्येक रेघ दिसली की ‘टॅक शार्प’. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात तेव्हा होड्यांमधून एकाच दिशेनं रोखलेल्या लांब नळ्या दिसतात, त्यांचं उद्दिष्ट हेच. भाद्रपदात कास पठारावर गुडघे टेकून बसलेल्यांचंही तेच. या नोंदींची किंमत मी कमी लेखत नाही. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्टवरच्या नोंदींमुळे एखादी जात कुठे, केव्हा दिसते हे आज सामान्य माणसालाही कळतं, आणि धूसर फोटोवरून वटवट्याची जात ओळखता येत नाही.

पण नोंदीच्या दृष्टीला एक मर्यादा आहे. एकदा नोंद झाली की विषय संपतो. दगडीपाला, ज्याला एकदांडीही म्हणतात, बाराही महिने फुटपाथच्या फटीत फुलतो. त्याचा एक शार्प फोटो निघाला की दुसरा काढायचं कारण उरत नाही. म्हणून नोंदीवर जगणारा छायाचित्रकार नवी जात, नवं ठिकाण, दुर्मीळ पाहुणा यांच्या मागे धावतो. रोजच्या नेमात ही धाव परवडत नाही. नोकरी करणारा माणूस रोज भिगवणला जाऊ शकत नाही, आणि कास वर्षातले काही आठवडेच फुलतं, तेही पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालून. त्याच्या वाट्याला येतं ते सोसायटीचं आवार, कालव्याचा काठ, जवळची टेकडी. तिथले सगळे ‘लायफर’ पहिल्या महिन्यात संपतात. उरलेले अकरा महिने काय करायचं, हा नेमाचा खरा प्रश्न आहे, आणि सदोष लेन्सचा उपयोग तिथेच सुरू होतो.

तोफखान्यातली आकडेमोड

या लेन्सना आज ‘क्रिएटिव्ह’ म्हणून विकलं जात असलं, तरी त्यांतले बहुतेक दोष कुणी कल्पकतेनं शोधलेले नाहीत. ती जुनी तडजोड आहे. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञानं माणसांच्या फोटोंसाठी लेन्स आखली. डॅगेरोटाइप या छायाचित्रणाच्या आरंभीच्या पद्धतीच्या त्या काळात माणसाला मिनिटंच्या मिनिटं हलू न देता बसवावं लागे, कारण लेन्समधून प्रकाश फार थोडा येई. पेट्झव्हालची लेन्स एफ ३.६ इतकी उघडी होती, आधीच्या लेन्सच्या कितीतरी पट प्रकाश आत घेणारी. तिची किचकट आकडेमोड करायला त्याला ऑस्ट्रियन सैन्याच्या तोफखान्यातली गणित जाणणारी माणसं मिळाली होती. फॉइग्टलेंडरनं ती बाजारात आणली आणि बैठकीचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. त्याची किंमत कडांनी मोजली. मधोमध चेहरा स्वच्छ, पण लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट नसून वाटीसारखं वळलेलं, त्यामुळे बाजू विस्कटलेल्या. चेहऱ्याच्या फोटोत बाजूंची पर्वा कुणाला होती?

विसाव्या शतकात सोव्हिएत कारखान्यांनी झाइसच्या बायोटार या लेन्सच्या धर्तीवर हेलिओस ४४ बनवली आणि झेनिट कॅमेऱ्यांवर ती लाखांनी जगभर गेली. ५८ मिलीमीटर, एफ २. तिच्याही कडांना एक विकार आहे. कडेकडचे प्रकाशाचे ठिपके लेन्सच्या नळीकडून कापले जाऊन डोळ्याच्या आकाराचे होतात आणि सगळे मध्याभोवती भोवऱ्यासारखे वळतात. समोर फूल आणि मागे पानांच्या फटींतून येणारा प्रकाश असेल, तर जात्याभोवती पीठ पडावं तसा उजेड फुलाभोवती गोल पडतो. जर्मनीतल्या ग्यॉर्लिट्झच्या मायर कंपनीची ट्रायोप्लान ही तीनच भिंगांची साधी लेन्स. तिच्यात फोकसच्या मागचा प्रत्येक उजळ ठिपका कडेला रेघ असलेला फुगा होतो. उपकरण म्हणून हे सगळे अपुरेपणाचेच नमुने आहेत.

दोष मुद्दाम ठेवून लेन्स विकायची, हे मात्र अलीकडचं. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलँडमध्ये २००४ साली सुरू झालेल्या लेन्सबेबी कंपनीची पहिली लेन्स लवचीक नळीवर बसवलेली होती आणि बोटांनी वाकवून फोकस करायचा होता. तिच्याच वेल्व्हेट ५६ या लेन्सचा दोष निराळा आहे. कडेच्या भागातून येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच ठिकाणी जुळत नाहीत, त्यामुळे पूर्ण उघडल्यावर, म्हणजे एफ १.६ ला, स्पष्ट चित्रावर प्रकाशाचा पातळ पदर चढतो. अॅपर्चर बंद करत एफ ५.६ च्या आसपास गेलं की कडेचे किरण अडतात आणि पदर जवळजवळ नाहीसा होतो. हा तपशील पुढच्या युक्तिवादासाठी महत्त्वाचा आहे : या लेन्समध्ये दोष हे चालू-बंद करायचं बटण नाही, हळूहळू फिरवायची कडी आहे. शिवाय ती विषयाच्या इतकी जवळ जाते की वस्तू सेन्सरवर तिच्या निम्म्या आकाराची उमटते. दगडीपाल्याच्या फुलाला तेवढं पुरतं.

टेकडीवरचं वर्ष

पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या जागी हा नेम कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, मग तेरडा, भाद्रपद-आश्विनात कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, दिवाळीच्या सुमारास तांबूस पडलेलं कुसळी गवत. मार्चच्या आसपास पानं गाळलेल्या गिरिपुष्पावर फिकट गुलाबी फुलं, आणि मग शहरातल्या रस्त्यांवर बहावा. यातलं काहीही दुर्मीळ नाही. गिरिपुष्प तर बाहेरून आणून लावलेलं झाड, निसर्गप्रेमींचं नावडतं.

सुरुवातीचे आठवडे लेन्सच्या कौतुकात जातात. छायाचित्रकार फूल शोधतच नसतो, भोवरा पडेल अशी पार्श्वभूमी शोधत असतो : दाट पानं, त्यामागे ऊन, मधे काहीही. असे फोटो पटकन आवडतात आणि तितक्याच पटकन एकसारखे दिसू लागतात. तेरडा काय, घाणेरी काय, मधोमध एक रंगीत ठिपका आणि भोवती गरगर. अधूनमधून रविवारी ही लेन्स वापरणाऱ्याला हे कळायला वर्ष लागेल. रोज वापरणाऱ्याला ते महिन्या-दीड महिन्यात, मागचे फोटो एका पडद्यावर ओळीनं लावले की कळतं. बरेच जण इथे कंटाळतात आणि लेन्स विकायला काढतात. जुन्या हेलिओसचा सेकंडहँड बाजार अशा कंटाळ्यावरही चालत असावा.

जे थांबत नाहीत ते लेन्सला आवरायला शिकतात. अॅपर्चर दोन पायऱ्या बंद केलं की भोवरा ओसरतो आणि नुसती कड मऊ राहते. पानांच्या जाळीऐवजी मागे आभाळ किंवा कातळ घेतला तर भोवऱ्याला खाद्यच मिळत नाही. मग कुसळीचं एकच कणीस त्याच्या वळणासकट दिसू लागतं. आता निर्णय उलटा होतो. आज या गवताला धूसरपणाची गरज आहे का, असेल तर किती, हे ठरवण्यासाठी गवताकडे पाहावं लागतं. सकाळी साडेसहाला दव असताना, आठला वारा सुटल्यावर, दुपारी ते पांढरं पडल्यावर पाहावं लागतं. कार्तिकात सूर्य तिरपा असतो आणि कणसाच्या केसांतून प्रकाश आरपार जातो. ज्येष्ठातल्या डोक्यावरच्या उन्हात तीच लेन्स नुसता पांढरट चिखल करते. नोंदीच्या छायाचित्रकारानं एका फोटोत संपवलेली वनस्पती इथे वर्षभर संपत नाही. तिची जात नवी नसली तरी तिची अवस्था, उजेड, वारा रोज नवा असतो, आणि लेन्स या फरकांना शार्प लेन्सपेक्षा जास्त हळवी असते. उत्तम आधुनिक लेन्स ढगाळ आणि उन्हाच्या दिवशी जवळपास सारखीच वागावी म्हणून बनवलेली असते. सदोष लेन्स तशी वागत नाही.

हातांचं कामही वेगळं आहे. या लेन्समध्ये ऑटोफोकस नसतो. कडी अंतरावर लावून ठेवायची आणि अंग पुढे-मागे डोलवत फोकस पकडायचा, हीच पद्धत. आरशाविनाच्या कॅमेऱ्यांत फोकसमधल्या कडा रंगानं दाखवायची सोय असते, पण वेल्व्हेटच्या मऊ चित्रापुढे ती गोंधळते. त्याऐवजी पडद्यावर चित्र मोठं करून पाहावं लागतं. वारा असेल तर श्वास धरून थांबावं लागतं. बसायचं कुसळीतच असल्यामुळे मोजे घरी येऊन निवडावे लागतात, हा त्यातला सर्वांत वेळखाऊ भाग असेल.

नव्वद दिवस, नव्वद फोटो

रोजच्या निसर्गफोटोचं सर्वांत कठोर उदाहरण जिम ब्रँडेनबर्ग यांचं आहे. नॅशनल जिओग्राफिकसाठी लांडग्यांचं काम करून नाव झालेल्या या छायाचित्रकारानं १९९४ मध्ये, शरद संपातापासून वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापर्यंत, नव्वद दिवस रोज एकच फोटो काढला. रोज काढून एक निवडला, असं नव्हे. शटर दिवसातून एकदाच दाबलं. जागा उत्तर मिनेसोटातलं घराजवळचं जंगल. हे काम त्यांनी प्रकाशनासाठी केलेलं नव्हतं. नॅशनल जिओग्राफिकनं ते १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये छापलं आणि पुढे त्याचं ‘चेस्ड बाय द लाइट’ हे पुस्तक झालं.

माझ्या मुद्द्याविरुद्ध हेच उदाहरण कुणी काढेल, आणि ते बरोबर असेल. हे काम भोवऱ्याच्या किंवा फुग्यांच्या लेन्सवर उभं नाही. मग नेम पुरेसा नाही का? ब्रँडेनबर्गना तो पुरला, कारण त्यांच्या नेमात एक जाचक अट होती आणि ती फिल्मच्या काळातही जाचक होती. आज सेकंदाला वीस फ्रेम काढणारे कॅमेरे हौशी माणसाच्या हातात आहेत. त्यांच्या हिशेबात ब्रँडेनबर्गचे नव्वद दिवस साडेचार सेकंदांत संपतात. डिजिटल कॅमेऱ्यावर रोज एकच क्लिक करण्याचा संकल्प फार थोड्यांकडून टिकेल, कारण यंत्र प्रत्येक क्षणी तो मोडायला सांगतं. सदोष लेन्स हा जाच यंत्रातच बसवते. फोकस हातानं, अंतर अंगानं, अॅपर्चर कडीनं. धडाधड फ्रेम काढून उपयोग नाही, कारण सगळ्याच चुकतात. क्लिकची संख्या आपोआप खाली येते. ती अट मनाच्या निर्धारावर न सोडता काचेवर सोपवण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

दुसरं विरुद्ध उदाहरण अधिक अडचणीचं आहे. इमोजेन कनिंगहॅम यांनी तरुणपणी धूसर, स्वप्नाळू शैलीतले फोटो काढले. १९२० च्या दशकात त्यांनी मॅग्नोलियाचं फूल जवळून, पूर्ण स्पष्ट टिपलं आणि १९३२ मध्ये त्या अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन यांच्यासह ‘ग्रुप एफ ६४’ मध्ये होत्या. या गटाचं नावच सर्वाधिक स्पष्टता देणाऱ्या बारीक अॅपर्चरवरून घेतलेलं. म्हणजे धूसरतेतून सुटून फुलाकडे नीट पाहता आलं, असा धडा यातून निघतो. पण कनिंगहॅम फुलांपर्यंत कशा पोहोचल्या? त्या काळात त्यांच्या पदरात तीन लहान मुलगे होते, घर सोडून लांब जाता येत नव्हतं, आणि फोटोंचे विषय घराच्या बागेत होते. त्यांना फुलाशी बांधून ठेवलं ते परिस्थितीनं. स्पष्ट लेन्सनं रोजच्या झाडाकडे पुन्हा पुन्हा पाहता येतं, हे मी नाकारत नाही. ज्याला तशी बांधणी नाही, त्याला ती कुठून तरी आणावी लागते, एवढंच.

‘हे तर फोनही करतो’

फोनचा पोर्ट्रेट मोड आणि संपादनाची सॉफ्टवेअर आता हे सगळं करतात, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. लाइटरूममध्ये २०२३ पासून पार्श्वभूमी धूसर करायची सोय आहे आणि त्यात फुग्याचा, मांजराच्या डोळ्याचा असे आकारही निवडता येतात. म्हणजे ट्रायोप्लान आणि हेलिओसचे विकार आता यादीतून उचलता येतात. तंत्र म्हणून त्यात अजून उणिवा आहेत. सॉफ्टवेअर कुठला भाग जवळ आणि कुठला लांब याचा अंदाज बांधतं, आणि कुर्डूचा तुरा किंवा दगडीपाल्याच्या बियांचे केस आले की अंदाज चुकतो. कडा कात्रीनं कापल्यासारख्या दिसतात. पण या उणिवांवर युक्तिवाद उभा करणं शहाणपणाचं नाही, कारण त्या भरून निघतील. फरक निर्णयाच्या वेळेचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये धूसरपणा घरी बसून, फूल समोर नसताना ठरतो. लेन्समध्ये तो फुलासमोर ठरतो, आणि आवडला नाही तर गुडघे वीतभर सरकवावे लागतात. अंतिम चित्र दोन्हीकडे सारखंही येईल. माणूस त्या झाडापाशी किती वेळ होता, हे सारखं येणार नाही.

‘हा खरा निसर्ग नव्हे’ हा दुसरा आक्षेप. ६०० मिलीमीटरच्या लेन्सनं, सेकंदाच्या चार हजाराव्या भागात गोठवलेले खंड्याचे पंख तरी कुणी डोळ्यांनी पाहिलेत? दोन्ही यंत्राची करामत आहे. सॉफ्ट लेन्सवाले मात्र कधी कधी उलट टोकाला जाऊन म्हणतात, की डोळ्यालाही मधलाच थोडा भाग स्पष्ट दिसतो, म्हणून आमची लेन्स डोळ्यासारखी पाहते. ही लबाडी आहे. डोळा सतत फिरून सगळं चित्र जुळवतो. त्याला भोवरा कधीच दिसत नाही. यापेक्षा कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची भूमिका प्रामाणिक होती. १८६३ मध्ये, ४८ व्या वर्षी कॅमेरा हातात घेतलेल्या या बाईंच्या धूसर फोटोंवर लंडनमधल्या जाणकारांनी झोड उठवली. कॅमेरॉन यांचं म्हणणं साधं होतं : फोकस करताना जिथे चित्र सुंदर वाटलं तिथे त्या थांबल्या. आपल्याला नोंदीसाठी पुरावा हवा असेल तर धूसर टिपलेल्या फुलाचाच एक शार्प फोटो फोननं काढून नोंदवावा. दोन कामं वेगळी आहेत आणि एकाच सकाळी होऊ शकतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. रोज फोटो हवाच, तोही परिणामकारक, या हट्टातून खोटेपणा शिरतो. फुग्यांसाठी दव लागतं, दव नसेल तर स्प्रेची बाटली निघते. मधे येणारं गवत उपटलं जातं. कासवर पायाखाली काय चिरडतं हे न बघता आडवं पडलं जातं. लेन्स यातून वाचवत नाही, उलट भर घालते. नेमाची एक अट आधीच ठरवून घेणं एवढाच बचाव दिसतो : आज दव नसेल तर आजचा फोटो कोरडा.

डब्यात नव्हे, हातात

उरला आपल्या हवेचा प्रश्न. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता लेन्सच्या आत बुरशी धरवते. जाळ्यासारखे तंतू भिंगावर पसरतात आणि पुढे काचेवरचा लेप खातात. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून हे तंतू बघावेत. मुंबईच्या चोरबाजारात असो की ऑनलाइन, ‘आत किंचित धुकं आहे’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी फार निरागस असतं. अॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेल आलेलं आहे का तेही पाहावं. जपणुकीचे उपाय माहितीचे आहेत : घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, किंवा आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारं छोटं कपाट. पण बुरशीला अंधार आणि कोंडलेली हवा आवडते, त्यामुळे रोज उजेडात जाणारी लेन्स कपाटात जपून ठेवलेल्या लेन्सपेक्षा बरी राहते. एसीच्या खोलीतून थेट पावसाळी हवेत मात्र तिला काढू नये. काच धुरकटते आणि तो दोष कुणालाच नको असतो.

या लेन्स खर्चिक पडतात, हा आक्षेपही तितका खरा नाही. हेलिओससारख्या लेन्सला ४२ मिलीमीटरचा आटा असतो आणि आरशाविनाच्या कॅमेऱ्यावर ती एका साध्या पोकळ अडॅप्टरनं बसते. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर बसवली तर अनंतापर्यंत फोकस होत नाही, पण जवळच्या गवताला अनंताशी काय करायचंय. लहान सेन्सरवर भोवऱ्याच्या कडा कापल्या जातात, तेव्हा गरगर कमी दिसली म्हणून लेन्स नकली समजू नये. कॅमेऱ्याला या लेन्सचं अॅपर्चर कळत नाही, फाइलमध्ये त्या जागी रेघ किंवा शून्य येतं. काय ठेवलं होतं ते वहीत लिहून ठेवावं, नाहीतर दोन महिन्यांनी पडद्यावर फोटो लावल्यावर कशानं काय झालं ते उमगणार नाही. आतल्या स्थिरीकरणाला ५८ हा आकडा हातानं सांगावा लागतो. आणि मेन्यूमध्ये ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ असा पर्याय असतो, तो आदल्या रात्रीच चालू करावा. तो बंद राहिला तर लेन्स समोर असूनही ती नाहीच असं समजून काही कॅमेरे पहिल्याच सकाळी शटर उघडायला नकार देतात.